वधूच्या अंगावरचा डाग

"बायोप्सीचा रिपोर्ट चांगला नाही," डॉक्टर म्हणाल्या. बायोप्सी म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं. "मॅस्टेक्टॉमी करावी लागेल." म्हणजे माझा डावा स्तन पूर्ण काढणार.

शेजारी माझे मिस्टर बसले होते, चाकणहून शिफ्ट संपवून कंपनीच्या कपड्यांतच आलेले. "जिवाला धोका न्हाई ना?" त्यांनी विचारलं. माझ्या डोक्यात भलतंच. हा माणूस आता माझ्याकडे कसा बघणार?

त्यात रविवारी थेरगावच्या आमच्या चर्चमध्ये पाळकांनी विषय घेतला, ख्रिस्त हा वर, म्हणजे नवरदेव, आणि मंडळी त्याची वधू. मंडळी म्हणजे आम्ही सगळे विश्वासणारे. वधू कशी, तर निष्कलंक, अंगावर डाग नाही की सुरकुती नाही. इतकी वर्षं मी हे मान डोलावत ऐकलं होतं. त्या दिवशी संताप आला. मग मंडळीतून माझं नाव काढून टाका, असं अगदी ओठावर आलं होतं.

ऑपरेशन झालं. जखमेतलं पाणी डबीत उतरावं म्हणून बगलेखाली नळी बसवली होती. तिला ड्रेन म्हणतात. ड्रेसिंगची वेळ झाली की मी ह्यांना बाहेर पाठवायची. हे मुकाट जायचे. त्यांच्या त्या गप्प राहण्याची मला जास्तच धास्ती वाटायची.

डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरने विचारलं, "घरी ड्रेन कोण रिकामा करणार?"

"बहीण येईल," मी घाईने म्हणाले.

पडद्याबाहेरून ह्यांचा आवाज आला, "मी करणार. मंडळी हाय आमची."

सिस्टर केरळची, मराठी शिकली ती चर्चमध्ये. ती ओरडली, "मंडळी नको! एकच माणूस आत!" तिला वाटलं, अख्खं चर्च भेटायला आलंय. आमच्या नगरकडे नवरे बायकोलाच मंडळी म्हणतात, हे तिला कुठलं ठाऊक! मला इतकं हसू आलं की टाके ताणले.

तोवर हे आत आले होते. मी डोळे गच्च मिटले. पट्टी निघाली.

"सिस्टर, हात कुठं धरू?" ह्यांनी विचारलं. "हिला दुखलं न्हाई पायजे."

मी डोळे उघडले. हे वाकून जखमेकडेच बघत होते.

बायांनो, तुमच्यावर ही वेळ आली तर एवढं ऐका. वधूच्या अंगावर डाग असतो. तो बघूनही जो जवळ येतो, तोच वर. हे मला पाळकांच्या नाही, ह्यांच्या तोंडून कळलं. देवाचे आभार मी रोज मानते. ह्यांचे अजून मानलेले नाहीत, लाज वाटते.