आतून बाहेर वाजणारी रेकॉर्ड

सुई रेकॉर्डवर टेकली, क्षणभर खरखरली आणि आत जाण्याऐवजी बाहेर घसरली. दुसऱ्यांदाही तेच.

"काऊन जी साहेब, वाजून नाही राहिली का?" धनराजभाऊंनी विचारलं.

सडक अर्जुनीजवळ हायवेवर त्यांचा ढाबा आहे. नव्या फॅमिली हॉलच्या भिंतीवर ठोकायला त्यांनी गोंदियाच्या भंगारातून जुन्या रेकॉर्डचा गठ्ठा आणला होता. सुतार ड्रिल घेऊन बाहेर चहा पीत होता.

जुन्या रेकॉर्डवरचा आवाज कॉम्प्युटरवर उतरवणं हे माझं काम. मला बोलावलं होतं मेघना यांनी. त्या नागपूरला पियानो शिकवतात. रायपूरला जाताना इथे जेवायला थांबल्या आणि गठ्ठ्यातल्या एका लेबलवर त्यांना नाव दिसलं: ल्युसियें मार्वो. कंटाळवाण्या म्हणून या फ्रेंच संगीतकाराच्या रचना आता फ्रान्समध्येही फारशा कुणी वाजवत नाही. त्याची छापील स्वरलिपी मेघनांकडे होती. त्याचं स्वतःचं वादन त्यांनी कधीच ऐकलं नव्हतं. लेबलवर पियानोवादक म्हणून त्याचंच नाव होतं.

"आवाज निघाला त घेऊन जा मॅडम," धनराजभाऊ म्हणाले. "नाही निघाला त माह्या भिंतीवर. सुतार रिकामा बसून राहिला."

तिसऱ्यांदा सुई घसरली तेव्हा मी वाकून खाच पाहिली. रेकॉर्डची खाच म्हणजे एकच लांबलचक गोल रेघ. ती कडेकडून मध्याकडे जाते. ही मध्याकडून कडेकडे येत होती. काही जुन्या फ्रेंच रेकॉर्ड अशा असतात, हे वाचलं होतं. हातात पहिल्यांदाच आली.

सुई लेबलजवळ ठेवली. ती घसरली नाही, पण खरखर तशीच.

"हे त पापड तळल्यावानी होऊन राहिलं. बलावू का सुताराले?"

"थांबा हो जरा," मेघना म्हणाल्या.

नेहमीच्या रेकॉर्डमध्ये सुई डावी-उजवीकडे हलते. या जातीत वर-खाली. माझं यंत्र वर-खाली होणारी हालचाल गोंगाट समजून गाळत होतं. मी सुईमागच्या दोन तारांची अदलाबदल केली.

पियानो वाजला. भरधाव.

"बंद करा! स्पीड चुकलाय," मेघना म्हणाल्या. "ही उदास रचना आहे. मी ती अगदी सावकाश शिकवते."

शंका रास्त होती. रेकॉर्ड जोरात फिरली तर संगीत जलद होतं, पण सूरही चढतो. मेघनांनी बॅगेतून छोटा कीबोर्ड काढून छापील पानावरचा पहिला सूर दाबला. रेकॉर्डचा सूर उलट खालचा निघाला. म्हणजे मी ती हळू फिरवत होतो. स्पीड वाढवला. सूर जुळले. रचना आणखी धावू लागली.

मेघना जोरात हसल्या. "अहो, हा नाच आहे!"

पान त्यांनी पुन्हा पाहिलं. त्यावर वेगाची सूचनाच नव्हती.

"नाचच हाये न," धनराजभाऊ म्हणाले. "बारात में बजाओ, कोणी बसनार नाही. मॅडम, तुम्ही याले मयतीत वाजवून राहिल्या होत्या का?"

गठ्ठ्यात मार्वोच्या आणखी दोन रेकॉर्ड निघाल्या. तिन्ही मेघनांनी मांडीवर धरून नागपूरला नेल्या. भिंतीवर बाकीच्या लागल्या. त्या वाजतात का, हे कुणी विचारलं नाही.

रेकॉर्डमधून खरखर आली तर आधी आपल्या तारा तपासाव्यात. संगीतकार कंटाळवाणा होता, हा निष्कर्ष नंतरही काढता येतो.