पेंग्विन होतं तिथून दोन गल्ल्या तळ्याकडे

आमचा पत्ता असा: पेंग्विन होतं तिथून दोन गल्ल्या तळ्याकडे, एक गल्ली वर, हिरवं घर. पेंग्विन हे आइस्क्रीमचं दुकान. ते बंद पडलं तेव्हा माझं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. आज तिथे टायरवाला बसतो. घर आम्ही पिवळं रंगवलं त्यालाही जमाना झाला, पण पाद्र्यापासून पाववाल्यापर्यंत सगळे त्याला हिरवंच म्हणतात. मी भूगोलाचा मास्तर. उत्तरेला उत्तर म्हणावं हे पोरांना शिकवण्यात माझी हयात गेली, आणि याच मानाग्वा शहरात उत्तरेला 'तळ्याकडे' म्हणतात, पूर्वेला 'वर' आणि पश्चिमेला 'खाली'. सूर्य वर येतो ती बाजू वर. मग तिकडे उतार का असेना. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

माझ्या बायकोला, आउरा लीलाला, यात काहीच खटकत नाही. ती याच पत्त्यांवर वाढली. तिची आई कपडे शिवायची आणि शिवलेले कपडे घरोघर पोचवायचं काम लेकीकडे असायचं, त्यामुळे अख्खी वस्ती तिच्या पायाखालची. पुढे संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ती कॉम्प्युटर शिकली, औषधांच्या दुकानांच्या एका कंपनीत वर्षानुवर्षं प्रोग्रॅम लिहिले, आणि कंपनीने ते काम परदेशी हलवलं तेव्हा घरी आली. घरी बसून तिने मीठ-मिरची लावलेल्या कैऱ्या इतक्या खाल्ल्या की की-बोर्डाची अर्धी बटणं चिकट झाली. कॉम्प्युटरशी ती बोलते, त्याला शिव्या घालते, मग गोंजारते. तिचं हसणं तिसऱ्या घरात ऐकू जातं. मला त्या हसण्याची सवय आहे, सवय कसली, व्यसनच आहे, आणि म्हणूनच पुढचा सगळा प्रकार माझ्या जिवाला लागला होता.

आमच्या भागात केक करणाऱ्या बायकांची एक सहकारी संस्था आहे. तिच्या प्रमुख दोन्या सोकोरो; दोन्या म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब. बाई पहाटे पीठ मळतात आणि दिवसभर माणसं मळतात. त्यांच्यासाठी आउरा लीलाने मोबाइलचं एक अॅप केलं: गिऱ्हाइकाने त्यावर केक मागवायचा, पत्ता लिहायचा, आणि मोटरसायकलवाल्याला फोनवर रस्ता दिसायचा. ऐकायला सोपं. पण घोडं पेंड खात होतं ते नकाशापाशी.

पहिला नकाशा तिने घेतला एका बड्या परदेशी कंपनीचा. दिसायला राजबिंडा. पण प्रत्येक शोधाचे पैसे कापायचा, आणि शोधायचा काय? 'पेंग्विन होतं तिथून' असं लिहिलं की दुसऱ्याच कुठल्या देशातलं प्राणिसंग्रहालय दाखवायचा. चूक दुरुस्त करा म्हणून कंपनीला लिहिलं, तर तुमची सूचना मोलाची आहे असं उत्तर आलं आणि पुढे सगळं शांत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. दुसरा नकाशा स्वस्त होता, रंगही छान होते, फक्त नेट असेल तरच उघडायचा. आमचे गाडीवाले रिचार्ज संपत आला की फोन खिशात झाकून ठेवणारे. ऐन चौकात नकाशा पांढरा पडायचा आणि गाडीवाला तिथेच उभा.

नॉर्विन नावाचा एक गाडीवाला आहे, तोंडाने फटकळ, मनाने मऊ. तो एकदा मेरिंगचा, म्हणजे अंड्याच्या गोड फेसाचा, केक घेऊन असाच उन्हात उभा राहिला आणि गिऱ्हाइकाच्या घरी पोचेपर्यंत केकचं सूप झालं. तो डबा त्याने आणून थेट आउरा लीलाच्या टेबलावर ठेवला. ती आधी हसली, मग चमचा आणला, आणि दोघांनी ते सूप संपवलं. पण त्या दिवसापासून तिने नकाशा बदलायचं मनावर घेतलं.

तिसरा नकाशा तिला सापडला तो कुणाच्याच मालकीचा नव्हता. साधी माणसं आपापल्या गल्ल्या स्वतः काढतात, चुकलं तर दुसरा दुरुस्त करतो, आणि तो कुणीही फुकट वापरावा. सगळा नकाशा फोनमध्ये उतरवून घेता येतो, म्हणजे रिचार्ज संपला तरी रस्ता संपत नाही. आमच्या वस्तीतली बोळकांडीसुद्धा त्यात होती. कुणा उत्साही पोरापोरींनी पायी हिंडून ती काढली होती. आउरा लीला इतकी खूश झाली की तिने मला स्वयंपाकघरातून ओढून आणून आमचं घर दाखवलं. मी म्हटलं, छान, आता घरांना नंबर घाला आणि दिशा सरळ लिहा. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की जणू मी तळंच दुसरीकडे हलवायला सांगत होतो.

तिने त्या नकाशात पेंग्विन लिहून टाकलं. दोन दिवसांत कुणी तरी सभ्यपणे पुसलं. नियमच तसा: जमिनीवर आज जे उभं आहे तेच काढायचं. तिने त्या माणसाला लिहिलं, अहो, निम्मी वस्ती त्या दुकानापासून मोजून राहते. त्याने लिहिलं, खरं आहे बाई, माझी मावशीही तिथेच राहते, पण दुकान कुठे आहे?

मला वाटलं ही आता भडकणार. पण ती बराच वेळ कैरी चघळत बसली आणि म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. त्यांचा नकाशा 'आहे' त्याचा. आपल्याला 'होतं' त्याचा पाहिजे. खाली त्यांचा ठेवते, वर आपला पसरते."

म्हणजे खाली रस्ते त्या लोकांच्या नकाशातले, आणि त्यावर तिचा स्वतःचा एक पातळ थर: नाहीशी झालेली दुकानं, तोडलेली झाडं, भूकंपात पडलेली थिएटरं. अजून उभी असलेली खूण अॅप खालच्या नकाशात शोधणार, नाहीशी झालेली या थरात, आणि तिथून गल्ल्या मोजून घरापर्यंत नेणार. एवढी अक्कल कुठल्याच परदेशी नकाशाला सुचलेली नव्हती. कशी सुचावी? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मग काय, आमच्या पडवीत दर रविवारी जत्रा. दोन्या सोकोरो केळीच्या पानात बांधलेले गरम नाकातामाल आणायच्या, मी कॉफी करायचो, आणि गाडीवाले, केकवाल्या, शेजारपाजारी नसलेल्या गोष्टींच्या जागांवरून भांडायचे. थिएटर कोपऱ्यावर होतं की कोपऱ्याच्या अलीकडे, यावरून दोन म्हाताऱ्यांनी बोलणं टाकलं आणि तिसऱ्या रविवारी पुन्हा सुरू केलं. कुणी म्हणायचं, अगं, तिथेच तर तुझ्या बापाने मला मागणी घातली होती, मी कशी विसरेन? ठिपका पक्का व्हायचा. मी शाळेतला भिंतीवरचा मोठा नकाशा आणून उत्तर दाखवायचा एक प्रयत्न केला. नॉर्विन मला प्रोफे, म्हणजे मास्तर, म्हणतो. तो शांतपणे म्हणाला, "प्रोफे, तुमची उत्तर मला दिसत नाही. तळ्याचा वास मात्र बरोबर येतो." मी नकाशा गुंडाळला आणि कॉफी ओतायला गेलो. खरं सांगतो, इतके चांगले रविवार माझ्या आयुष्यात आधी आले नव्हते.

फक्त एक काटा होता. आउरा लीलाची बहीण शेजारच्या देशात, कोस्टा रिकात, सान होसेला असते. तिथल्या कंपनीत हिच्यासाठी जागा तयार होती. दोन्या सोकोरोंनी स्पष्ट सांगितलं होतं: तीस मेला, आईच्या सणाला, सगळे केक जेवणाआधी पोचले तर अॅप ठेवू. नाहीतर आपला जुना फोन बरा. आणि अॅप गेलं तर आउरा लीला सान होसेला जाणार, हे आमच्यात ठरलेलं होतं. ठरवताना मी मोठा समजूतदारपणा दाखवला. मग अंगणात जाऊन कुत्र्याला सांगितलं, की मला हे अजिबात नको आहे.

तीस मेला आमच्याकडे कुणी कुणाच्या ताब्यात नसतं. फटाके, गिटारी, ट्रॉम्पेटवाले दारोदार, आणि प्रत्येक आईसाठी केक. मला शाळेची सुट्टी. पडवीत आउरा लीला कॉम्प्युटरपुढे, मी तिच्या पाठीशी पंखा धरून. सकाळ झकास गेली. तोडलेल्या चिंचेपासून, पडलेल्या थिएटरपासून, पेंग्विनपासून केक बिनबोभाट जात होते. तिने एकदा मागे वळून माझ्या गालावर मेरिंग लावलं.

मग नॉर्विनचा फोन आला. तो सान राफाएल औषधाच्या दुकानाजवळच्या एका घरापुढे उभा होता, हातात केक, आणि त्या घरात पत्त्यावरची आई राहत नव्हती. त्याच्या मागोमाग आणखी गाडीवाले तिथेच येऊन थांबले होते. सगळ्यांचे पत्ते त्याच दुकानापासूनचे. उन्हात मेरिंग घाम गाळायला लागलं होतं.

आउरा लीला पांढरी पडली. ती बडबडत पडद्यावर बघत राहिली, आणि मलाच आधी उलगडलं, कारण तिथूनच मी डोकेदुखीच्या गोळ्या घेतो. दुकान गेल्याच आठवड्यात हललं होतं. जुनी जागा सोडून पार कालव्यापलीकडे. आणि त्या उत्साही पोरापोरींनी लगेच, इमानदारीने, नकाशात नवी जागा लिहिली होती. पण इथे दुकान हललं म्हणून पत्ता थोडाच हलतो? दुकान न्यावं, गोळ्या न्याव्यात, पत्ता मागेच राहतो. शेजाऱ्यांनी वर्षानुवर्षं त्याच्यापासून मोजलंय. तो काय दुकानदाराचा आहे?

आउरा लीलाने कपाळावर हात मारला. "मेलेल्यांची सगळ्यांची सोय केली मी," ती म्हणाली. "जे नुसते उठून दुसरीकडे गेले, त्यांना विसरले."

बोलता बोलता तिची बोटं चालूच होती. जुन्या कोपऱ्यावर तिने आपल्या थरात ठिपका ठेवला, आणि वरचा थर आधी, खालचा नंतर, असं अॅपला बजावलं. कुणाला विनवण्या नाहीत, कुणाच्या मोलाच्या सूचना नाहीत. नकाशा आपल्या हातात असण्याचं सुख काय, ते मला तेव्हा पटलं. गाडीवाल्यांच्या फोनवर रस्ते फिरले आणि गाड्या कालव्याअलीकडे उधळल्या.

नॉर्विन मात्र हलला नाही. फोनवर तो घुटमळत होता. पत्ता विचारायला त्याने जे दार वाजवलं होतं, त्या दारातल्या म्हातारीने मधल्या वेळात डबा त्याच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला होता.

"परत माग," मी म्हटलं.

"प्रोफे, ती म्हणते, पोरांनीच पाठवला असणार. तिची सगळी पोरं कोस्टा रिकात आहेत. तिने केक कापला पण. मला तुकडा दिलाय. हातात घेऊन उभा आहे मी."

गल्लीत ट्रॉम्पेट वाजत होतं. आउरा लीलाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते कैरीच्या हाताने पुसलं, त्यामुळे आणखी आलं.

"खा," ती फोनवर म्हणाली. "तिला म्हणावं, हो, पोरांनीच पाठवलाय."

राहिला प्रश्न खऱ्या आईचा. तिचा केक आणायचा कुठून? मी दोन्या सोकोरोंना फोन लावला आणि शिव्या खायला तयार झालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एक मोठा श्वास सोडला, आणि स्वतःच्या आईसाठी ठेवलेला केक घेऊन स्वतःच निघाल्या, वाटेत कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून, पिठाच्या अॅप्रनसकट. जेवणाची पानं मांडली जात असताना त्या पोचल्या. हे सगळं मला नंतर कळलं.

संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या. आउरा लीला खुर्चीत ताठ बसली होती. मी कॉफी आणली, तर कपापेक्षा बशीतच जास्त सांडली. दोन्या सोकोरोंनी आधी पाय पुढे पसरले, मग मला विचारलं, कॉफीबरोबर काही आहे का. मी पाव आणला. त्यांनी तो सावकाश खाल्ला.

"एक केक चुकला," त्या म्हणाल्या.

"हो," आउरा लीला म्हणाली.

"माझी आई ओरडली मला. केक नाही म्हणून. मग म्हातारीची गोष्ट सांगितली, तर म्हणाली, दरवर्षी एक असाच चुकवा." त्यांनी हातावरचे चुरे झटकले. "सान होसेला कळव, म्हणावं, बाई कामात आहे."

आउरा लीला हसली. तिसऱ्या घरातून कुणी तरी ओरडून विचारलं, काय झालं. कुत्रा भुंकायला लागला. मी उठलो, आत गेलो, आणि उगाचच नळ सोडून उभा राहिलो, कारण भूगोलाच्या मास्तराने रडावं असा तो प्रसंग नव्हता.

बाहेर आलो तेव्हा नॉर्विन फाटकाशी गाडी टेकवून फोनवर कुणाला तरी रस्ता सांगत होता. रात्रीच्या जेवणासाठी मागवलेला एक केक तेवढा राहिला होता, आमच्याच मागच्या गल्लीत. मी कान दिला. तो पेंग्विनचं नाव काढत नव्हता.

"अहो सोपं आहे," तो म्हणत होता. "आउरा लीलाच्या घरापासून एक गल्ली खाली."

मानाग्वात पत्ता व्हायचं तर आधी जावं लागतं. बंद पडावं लागतं, कोसळावं लागतं, नाहीतर परदेशी निघून जावं लागतं. माझी बायको मात्र पडवीत बसून कैरी खात होती, आणि पत्ता झाली होती. मी आत जाऊन तिला हे सांगितलं. ती म्हणाली, मीठ संपलंय, आण.