हळदीच्या दुधात काय होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून लिहिते आहे – आणि आधीच सांगते, चौथी शिकलेली अडाणी बाई म्हणून मला सोडून देऊ नका. मला सगळं कळत होतं.

जपानात, नागोयाला आमच्या खालच्या मजल्यावर लिन राहायची. चीनची मुलगी. माझा मुलगा ज्या मोटारींच्या कंपनीत आहे, तिच्याच संघातून ती शंभर मीटर पळायची. तिच्या देशात तिच्याइतक्या जोरात कुठलीच बाई कधी पळाली नव्हती. मला ती ओबाचान म्हणायची, म्हणजे आजी. सरावाहून आली की माझ्या स्वयंपाकघरात बसून हळद घातलेलं दूध प्यायची. आमची भाषा काय? हातवारे, आणि ते दूध.

त्या वर्षी तिची मांडी दुखावली. मोठी शर्यत आठवड्यावर आलेली. माझ्याकडे गावच्या वैद्याच्या पुड्या होत्या, गुडघ्यांसाठी आणलेल्या – एक घेतली की मी भराभरा जिने चढायचे. मी पुडी पुढे केली. तिने दोन्ही हातांची फुली करून दाखवली. सून म्हणाली, "आई, तिला खोकल्याचं औषधसुद्धा चालत नाही. तपासणी असते त्यांची. नसते लाड करू नका."

कळलं मला. तरी पाच दिवस रोज एक पुडी दुधात ढवळली. हळदीत रंग दिसत नाही.

ती पळाली. स्वतःचाच विक्रम मोडला तिने. सून टाळ्या पिटत म्हणाली, "आई, तुमची हळद जोरदार आहे हो!" मी लाजून हसले. मनात काय होतं सांगू? माझी पुडी पळाली, हे होतं.

मग तपासणीत काहीतरी सापडलं. वैद्याने पुडीत काय कालवलं होतं, देव जाणे. लिन आली ती डोळे सुजवून. महिनाभरात पोटात काय काय गेलं, त्याची यादी करत होती.

"आई, ती विचारतेय, दुधात काय असायचं?"

"हळद."

"अजून काही?"

"हळदच गं. किती वेळा सांगू?"

सुनेने ते जपानीत सांगितलं. लिनने लिहून घेतलं आणि मला वाकून नमस्कार केला – त्रास दिला म्हणून!

ती गेल्यावर उरलेल्या तीन पुड्या मी सिंकमध्ये ओतल्या, नळ सोडला. त्या तपासणीवाल्यांना दिल्या असत्या तर तिने मुद्दाम काही घेतलं नाही, एवढं तरी सिद्ध झालं असतं. मुलाच्या नोकरीची भीती होती का? होती. पण त्या भीतीआड मी लपणार नाही.

तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. विक्रम खोडला गेला, संघाने काढून टाकलं. आता ती आपल्या गावी शाळेतल्या मुलींना पळायला शिकवते. दर नव्या वर्षी सुनेच्या फोनवर तिचा निरोप येतो – ओबाचानचे गुडघे कसे आहेत?

मी माफी मागणार नाही. मागितली, तर ती देऊन टाकील. तशीच आहे ती मुलगी.