ग्वेनिथ ऐकायला शिकली

स्वान्सीच्या हॉस्पिटलातल्या धुलाईखान्यात ग्वेनिथच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असायचा. घरात छळ सोसणाऱ्या सहकाऱ्यांना आधार कसा द्यायचा, याच्या प्रशिक्षणाला तिला पाठवलं. सल्ले न देता नुसतं ऐकायचं, हे तिला फार जड गेलं.

धुलाईखान्यातच काम करणारी तरुण नेरिस नवऱ्याचा फोन आला की दचकायची. ग्वेनिथने तिला बाजूला घेऊन विचारलं, "घरी त्रास आहे का गं? आत्ता नाही सांगितलंस तरी चालेल."

नेरिस पुढची चादर उचलून कामाला लागली. तीन आठवडे ग्वेनिथ तिच्या शेजारी मुकाट्याने चादरींच्या घड्या घालत होती. मग एका दुपारी नेरिसच म्हणाली, "मावशी, तुमच्या फोनवरून मदतकेंद्राशी बोलू? माझा फोन तो तपासतो."

तिचं बोलणं होईपर्यंत ग्वेनिथ दाराशी उभी राहिली. महिन्याभराने नेरिस बहिणीकडे राहायला गेली, तेव्हा सामान ग्वेनिथच्याच गाडीतून गेलं.