बाईंची न तुटणारी संख्या

हिंदी मुलखातल्या आमच्या त्या गावी रेल्वेचं फाटक बंद मिळालं की आमच्या मराठी, गणिताच्या बाईंना आनंद व्हायचा. मालगाडी जाऊ लागली की बाकीचे घड्याळ बघत, बाई डब्यांवरचे आकडे बघत. "हा सातानं तुटतो. हा अकरानं. आणि हा बघा, कुणालाच दाद देत नाही!" टांगेवाला हसून म्हणे, "मास्टरनीजी, डिब्बा ही तो है।"

दाद न देणाऱ्या या मूळसंख्या. एक आणि स्वतःखेरीज त्यांना कशानंच भाग जात नाही. बाईंची लाडकी होती ९,९९,९८३. दहा लाखांच्या आतली शेवटची मूळसंख्या. "हिच्यापुढे दहा लाखांपर्यंतच्या सगळ्या वाकतात, ही वाकत नाही," असं त्या घरच्या पोरीचं कौतुक करावं तसं सांगत. बाईंनी लग्न केलं नव्हतं. गार्ड असलेल्या भावाच्या क्वार्टरात राहत. कुणी स्थळ आणलं तर एवढंच विचारत, "मुलाला गणित येतं का?" विषय तिथंच मिटे.

मी आठवीत असताना शाळेच्या मॅनेजरसाहेबांनी ठरवलं, जूनपासून नववीच्या मुलींना गणित बंद, गृहविज्ञान सुरू. "लड़कियाँ इतना हिसाब करके क्या करेंगी?"

बाई खवळल्या. वार्षिकोत्सवातला नाच त्यांनी रद्द केला. मुली मंचावर सिद्ध करतील, की ही संख्या तुटत नाही! ती तुटलीच, तर एक तुकडा हजाराच्या आतला निघणार. म्हणून हजाराच्या आतल्या सगळ्या मूळसंख्या आम्हा पोरींत वाटल्या गेल्या. घरोघरी पोळ्या लाटता लाटता भागाकार चालले.

उत्सवात एकेक जण पुढे येऊ लागली. "तीन से भाग दिया, बाकी दो।" "सात से भाग दिया, बाकी पाँच।" लोकांना आधी मजा वाटली, मग जांभया आल्या. शेवटी साहेब हात जोडून उठले.

"बस, बहनजी! मान लिया, नहीं टूटती।"

"मानने से सिद्ध नहीं होता, साहब। बैठिए। लड़कियाँ अभी बोल रही हैं।"

साहेब तणतणत निघून गेले. पुढच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. मागे सतरंजीवर बसलेल्या आमच्या आया मात्र हलल्या नाहीत. सर्वांत शेवटी मी ओरडले, "नौ सौ सत्तानवे से भाग दिया, बाकी नौ सौ नवासी!"

गणित बंद झालं ते झालंच. बाईंना जाऊन आता कितीतरी वर्षं लोटली, तरी त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

जूनमध्ये शाळा उघडली त्या संध्याकाळी आई मला घेऊन बाईंच्या क्वार्टरवर गेली. आईला सहीपुरतंच लिहिता येई. म्हणाली, "बाई, मला त्यातलं काही कळलं नाही. पण आमच्या पोरी गप्प बसल्या नाहीत, एवढं मी पाहिलं. हिला शिकवा."

एवढ्या कडक बाई, पण त्यांचे डोळे भरून आले. व्हरांड्यात सतरंजी अंथरून त्यांनी मला बसवलं. आई जायला वळली, तर तिचा हात धरला.

"वहिनी, निघालात कुठे? कळलं नाही म्हणता ना? मग बसा."

आईनं एकदा रस्त्याकडे पाहिलं, कोण बघतंय म्हणून. मग डोक्यावरचा पदर नीट केला आणि माझी पाटी ओढून घेतली.