भागाबाईच्या हातावरचा विंचू

भागाबाई आमच्या कॉलनीतली पाच पोरं बालवाडीतून घरी आणायची. मूळची दोंडाईच्याकडची, नवरा गेल्यावर जळगावला भावाजवळ आलेली. भर बाराच्या उन्हात पदर नाकापर्यंत ओढलेला, दोन पोरं या हाताला, दोन त्या, आणि पाचवी आमची सोनल बहुतेक वेळा कडेवर. माझा धाकटा तेव्हा पाळण्यात होता. भागाबाईशिवाय माझं पान हलत नसे.

एक्क्याण्णव साली पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा उठली आणि बालवाडीने फाटकाला कुलूप घातलं. शेजारच्या गजांच्या खिडकीत बालवाडीच्या कमलताई बसायच्या. प्रत्येक घराने त्यांना एक गुप्त शब्द देऊन ठेवायचा, न्यायला येणाऱ्याने तो सांगायचा, मगच फाटक उघडणार. ओळख असो वा नसो, शब्द नाही तर पोर नाही.

इतरांना एकेक शब्द, भागाबाईला पाच! चंदन, केळफूल, मोरपीस, भरीत आणि आमची शतपावली. (शिकलेल्या बाईची हौस, दुसरं काय!) सकाळी मी तिच्याकडून घोकून घेई.

"चंदन कोणाचं?"

"पंडितभाऊना पोऱ्यानं."

इथे सगळं बरोबर, आणि खिडकीशी पोचेपर्यंत खिचडी. "माय, माले माणसं याद ऱ्हातस," ती म्हणायची, "शब्द नही ऱ्हातस."

शेवटी तिनेच युक्ती काढली. पोरांनाच शब्दांचं गाणं शिकवलं. जाता-येता पाचही जण बेंबीच्या देठापासून ते गायची.

तरीही एका मंगळवारी ती लीलाधरभाऊंच्या बंटीसाठी 'मोरपीस' म्हणून बसली. त्याचं होतं केळफूल. बंटी आतच राहिला. आई ऑफिसातून सुटून येईपर्यंत रडून रडून झोपला बिचारा. संध्याकाळी लीलाधरभाऊ आमच्या ओट्यासमोरच कडाडले, "उद्याचा दिवस बघतो. परत चुकली तर दुसरी बाई लावणार!"

एक घर सुटलं की बाकीची चारही सुटतात, हे भागाबाईला कळत होतं. तिची चूल या पाच घरांवर होती.

दुसऱ्या दिवशी धाकट्याला शेजारी ठेवून मी तिच्याबरोबर गेले. शब्द मी सांगितलेही असते, पण रोज कोण सांगणार? भागाबाईने दोन बरोबर सांगितले आणि तिसऱ्याला थांबली. ओठ हलताहेत, शब्द येईना. तेवढ्यात मागून गाडीवरून आईसफ्रूटवाला सुपडू ओरडला, "ओ भागाबाई, बंटीनं केळफूल शे! नि सोनलनं शतपावली!"

कमलताई खिडकीतून वाकल्या. "तुला रे कसं माहीत?"

"बठ्ठी गल्लीले पाठ शे, ताई. पोरे गातस ना रोज!"

म्हणजे आईसफ्रूट खायला थांबलेला कुणीही येऊन माझी सोनल घेऊन गेला असता! कमलताईंचाही चेहरा उतरला.

भागाबाईने मात्र गजांतून कोपरापर्यंत हात आत घातला. "शब्द कोनी बी सांगी, ताई. हाऊ हात कोन लई यी? देखा."

हातावर विंचू गोंदलेला. गोंदताना पोरवयात तिने हात हिसडला होता, म्हणून त्याची नांगी वर वळायची सोडून सरळ मनगटापर्यंत घसरत गेलेली. कमलताईंना हसू आवरेना. "असला विंचू अख्ख्या जळगावात दुसरा सापडायचा नाही!"

"मना बापनी गोंदनारीले पैसा बी दिन्हा नही तवय!"

सोमवारपासून शब्द बंद झाले. पोराला नेणाऱ्याला घरच्यांनी एकदा कमलताईंसमोर उभं करायचं, बस. भागाबाई पदरही वर करीत नसे. गजांतून हात आत, फाटक उघडं, पाचही पोरं बाहेर. घोकंपट्टी संपली आणि कित्येक दिवसांनी माझा दुपारी निवांत डोळा लागला.

पुढे एकदा लीलाधरभाऊ रजेवर होते. स्वतःच निघाले बंटीला आणायला. कमलताईंनी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

"अहो, केळफूल!" भाऊ खिडकीत ओरडले. "केळफूल म्हणतोय ना!"

"ते आता चालत नाही," कमलताई म्हणाल्या.

भागाबाई मागून आली, हात आत घातला. "द्या ताई. हाऊ बंटीना बाप शे. मी वळखस."

येताना ती पुढे, आणि बंटीला खांद्यावर घेतलेले भाऊ मागे. आमच्या ओट्याशी ते थांबले.

"उद्या बाराला ना, भागाबाई?"

"बाराले," ती म्हणाली आणि सोनलला माझ्याकडे दिलं.