पत्र्यावरचा अंगठा

माझ्या थोरल्या जाऊबाईंना कुणी गरीब गाय म्हटलं, तर मी पोट धरून हसेन. लग्न होऊन मी आले तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघराच्या आधी कारखान्याचं फाटक दाखवलं आणि म्हणाल्या, "इथं काम आहे. घरात बसून माझं डोकं खायचं नाही."

विमानाच्या इंजिनातले पत्रे आमच्या कारखान्यात येतात. इंजिनात आगीचा असा भडका असतो की उघडा धातू तिथं टिकाव धरत नाही, म्हणून त्यावर सिरॅमिकच्या मिश्र भुकटीचा पांढरा थर बसवतात. त्या थरावर आमचं अख्खं घर चालतं. मी पत्र्याच्या भोकांवर पट्ट्या चिकटवते. मग भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, तो पत्रा एका बंद पेटीत धरतात, पेटीच्या खिडकीच्या काचेतून बघत त्यावर बारीक खड्यांचा मारा करतात आणि थर नीट धरावा म्हणून तो खरखरीत करून देतात. शेवटी जाऊबाई कानांवर आवाज अडवणारी डबडी आणि डोळ्यांवर काळी काच चढवून फवारणीची गन उचलतात. गनमधून वितळलेली भुकटी पत्र्यावर बसते, आधी धातूचा पातळ थर, त्यावर पांढरा.

एक गोष्ट आमच्याकडे पाप मानतात. मारा झालेल्या पत्र्याला उघडा हात लावायचा नाही. बोटाचं तेल लागलं तरी वरून थर छान दिसतो, पण तापला की नेमका तिथून सुटतो. घरातसुद्धा काही बिघडलं की सासूबाई आधी विचारतात, "कुणी हात लावला?"

तर झालं असं, की चाचणीच्या भट्टीत काही पत्र्यांवरच्या थराचे पापुद्रे निघाले. कारखान्याच्या साहेबांनी सगळं खापर जाऊबाईंवर फोडलं. गन धरायचं अंतर चुकलं असणार, आता वय झालं, हात हलत असेल, असं बरंच काही बोलले. सोमवारपासून गन दुसऱ्याकडे आणि जाऊबाई पॅकिंगला. ही गन हातात यावी म्हणून त्या किती जणांशी भांडल्या होत्या, ते मला ठाऊक होतं. बाईच्या हाताला ती जड होईल म्हणणारे सगळे निवृत्त झाले, गन जाऊबाईंकडेच राहिली होती. मला इतका संताप आला की हातातली पट्टी वेडीवाकडी चिकटली आणि पुन्हा काढावी लागली.

जाऊबाई मात्र टेबलाकडे गेल्या. खराब पत्रे टेबलावर मांडले होते, ते त्या एकटक बघत होत्या. प्रत्येकाचा एकच कोपरा उघडा पडला होता, आणि डाग एका बाजूनं गोल, दुसऱ्या बाजूनं सरळ कापल्यासारखा. मला काही कळलं नाही. त्यांना कळलं. भाऊजींच्या उजव्या अंगठ्याचं टोक फार वर्षांपूर्वी पेटीच्या दारात सापडून गेलं होतं.

संध्याकाळी जेवताना त्यांनी सरळ भाऊजींचा हात धरला आणि अंगठा उजेडात उलटा केला. भाऊजींचा घास हातातच राहिला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. खरखरीतपणा नजरेला दिसेना, हातमोज्यातून कळेना, म्हणून ते मोजा काढून कोपऱ्यावर अंगठा फिरवून बघायचे. डॉक्टरकडे गेलं तर नोकरी जाईल, या भीतीनं त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

सासूबाईंनी लगेच निवाडा दिला. पॅकिंगचं काम काय वाईट, बाईमाणसानं थोडं सोसावं, नवऱ्याच्या चुकीवर पांघरूण घालावं. भाऊजींनी मान खाली घातली. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

"या पत्र्यांचे थर भट्टीत सुटले म्हणून बरं," जाऊबाई म्हणाल्या. "वर आभाळात सुटले असते तर कुणाला सांगितलं असतं सोसायला? उद्या तुम्ही सांगा. नाही तर मी सांगते."

सकाळी भाऊजी साहेबांच्या केबिनसमोरून दोनदा गेले आणि दोन्हीदा पाणी पिऊन परत आले. मग जाऊबाईच आत शिरल्या. दार उघडंच होतं, आम्ही सगळे बाहेर कान टवकारून उभे. माझी गन ठीक आहे, अंगठा माझ्या नवऱ्याचा आहे, असं त्यांनी सांगून टाकलं. साहेबांच्या जिवात जीव आला. गन तुमच्याकडेच राहील, म्हणाले, आणि भाऊजींना उद्यापासून घरी बसायला सांगा.

इथं कुणीही बाई आभार मानून बाहेर आली असती. आमच्या जाऊबाई साहेबांना घेऊन पेटीपाशी आल्या. उडणाऱ्या खड्यांनी खिडकीची काच घासून घासून पार दुधी झाली होती. नवी काच मागवा, असं भाऊजी किती दिवस म्हणत होते आणि साहेब कानाडोळा करत होते, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"डोळे गेले ते त्यांनी लपवलं, ती त्यांची चूक," जाऊबाई म्हणाल्या. "काच आंधळी झाली, ती तुमची. दोन्ही बदला. मग मी गन उचलते."

गन त्यांनी खुंटीला अडकवली आणि स्टुलावर बसल्या. साहेबांनी दमही देऊन पाहिला. मी माझी पट्ट्यांची गुंडाळी खाली ठेवली, मग बाकीच्यांनीही हात आवरते घेतले. जेवणाच्या सुट्टीनंतर साहेबांनी नवी काच मागवली आणि भाऊजींना ऑपरेशनची रजा लिहून दिली.

एवढं होऊनही घरात कौतुक कसलं? सासूबाईंनी तोंड फुगवलं. भाऊजींनी तर बोलणंच सोडलं. चारचौघांत नाव घेतलं, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं. जाऊबाई त्यांच्या डोळ्यांत वेळच्या वेळी थेंब घालत होत्या आणि ते छताकडे बघत पडून राहत. एकदा भांडी घासताना त्या मला म्हणाल्या, "नाही बोलले तर नाही बोलले. दिसायला तर लागलं." आणि घासलेलं पातेलं त्यांनी पुन्हा घासायला घेतलं.

भाऊजी कामावर परतले त्या दिवशी नवी काच लखलखत होती. पहिला पत्रा त्यांनी मदतनिसाकडे दिला नाही, स्वतः घेऊन आले. दोन्ही हातांत स्वच्छ मोजे. जाऊबाईंसमोर उभे राहिले आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले.

"हात लावलेला नाही."

"माहीत आहे," जाऊबाई म्हणाल्या. "तरी बघणार."

त्यांनी मोजे चढवले, पत्रा घेतला, दिव्याखाली धरून चारही कोपरे निरखले. भाऊजी तिथंच उभे होते. मग जाऊबाईंनी डोळ्यांवर काळी काच ओढली आणि गन उचलली.